स्मरणपत्र केव्हा पाठवावे? – संगणकजाळ्यातील प्रतीक्षेचे शास्त्र

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्र पाठविले आणि उत्तर आले नाही, तर किती दिवस वाट पाहावयाची आणि स्मरणपत्र केव्हा धाडावयाचे, हा प्रश्न कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. स्मरणपत्र फार लवकर धाडले, तर समोरच्या कचेरीचे काम विनाकारण वाढते. फार उशिरा धाडले, तर मूळ पत्र वाटेत गहाळ झाले असल्यास आपले काम अडून राहते. हाच प्रश्न एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी बोलताना दर क्षणी उभा राहतो. फरक इतकाच की, तेथे दिवसांऐवजी सेकंदाच्या अंशांचा हिशोब असतो आणि निर्णय लिपिकाने नव्हे, तर संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने, म्हणजे संचालन प्रणालीने, घ्यावयाचा असतो.

या लहानशा निर्णयातील त्रुटीमुळे १९८६ साली अमेरिकेतील संगणकजाळे ठप्प होण्याच्या बेतास आले होते. पुढे ती त्रुटी कशी दूर झाली आणि त्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विषय तांत्रिक आहे खरा. परंतु त्याचे मर्म समजण्यास आवक-जावक नोंदवहीचा अनुभव आणि शाळेतील सरासरीचे गणित एवढी सामग्री पुरेशी आहे.

पाकीट, पोच आणि मुदत

इंटरनेटवरून पाठविला जाणारा मजकूर एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. या तुकड्यांना आपण पाकिटे म्हणू. प्रत्येक पाकीट वाटेतील अनेक यंत्रांमधून पुढे सरकत जाते. या यंत्रांना राऊटर म्हणतात. प्रत्येक राऊटरपाशी पाकिटांची रांग लागते, आणि रांगेसाठी राखलेली जागा भरली की नंतर येणारे पाकीट सरळ टाकून दिले जाते. टाकून दिल्याची खबर पाठविणाऱ्याला सहसा कोणी देत नाही.

मग मजकूर पूर्ण पोचतो कसा? त्यासाठी टीसीपी नावाची कार्यपद्धती आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये तिचे प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने ती स्वीकारली. या पद्धतीत पाकीट मिळताच घेणारा संगणक पोच पाठवितो. पाठविणारा संगणक प्रत पाठविलेल्या मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि घड्याळ लावतो. ठरलेल्या मुदतीत पोच आली नाही, तर तेच पाकीट पुन्हा पाठवितो. या मुदतीला पुनर्प्रेषणाची मुदत म्हणतात. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे, तर ही स्मरणपत्राची मुदत होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जाळ्यात कोणी वरिष्ठ अधिकारी बसलेला नसतो. ही मुदत प्रत्येक संगणकाने स्वतःपुरती, स्वतःच्या अनुभवावरून ठरवावयाची असते. तिचे परिणाम मात्र सर्वांना भोगावे लागतात.

मौनाचे तीन अर्थ

पोच आली नाही, याचा अर्थ काय? तीन अर्थ संभवतात. पहिला, आपले पाकीट वाटेत हरवले. दुसरा, पाकीट पोचले, पण परत येणारी पोच हरवली. तिसरा, दोन्ही सुखरूप आहेत. मार्गावर गर्दी असल्यामुळे केवळ उशीर होत आहे. पाठविणाऱ्याच्या कानी तिन्ही प्रसंगी सारखेच मौन पडते.

पाकीट हरवले असेल, तर ते पुन्हा पाठविलेच पाहिजे. परंतु केवळ उशीर होत असेल, तर पुन्हा पाठविणे घातक ठरते. कारण उशिराचे कारण गर्दी हे असते आणि आपण त्याच गर्दीत आणखी एका पाकिटाची भर घालतो. म्हणून मुदत ठरविण्याचा प्रश्न हा वस्तुतः मौनाचा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे.

जुना नियम

१९८१ च्या प्रमाणपत्रकात मुदत ठरविण्याची एक रीत उदाहरणादाखल दिली होती. पाकीट पाठविल्यापासून पोच येईपर्यंत लागणारा वेळ, म्हणजे फेरीचा वेळ, दर खेपेस मोजावयाचा. त्याची चालती सरासरी ठेवावयाची. जुन्या सरासरीला आठ ते नऊ दशांश वजन द्यावयाचे आणि नव्या मोजणीला उरलेले. आलेल्या सरासरीला एका ठरावीक अंकाने गुणावयाचे. हा अंक १.३ ते २ च्या दरम्यान सुचविला होता. सरासरी आठ असेल आणि अंक दोन असेल, तर मुदत सोळा.

वरवर पाहता हा नियम समंजस वाटतो. परंतु त्यात एक मोठी उणीव होती. गर्दी वाढली की फेरीचा सरासरी वेळ तर वाढतोच. त्याबरोबर त्या वेळातील चढउतारही झपाट्याने वाढतो. रांगेच्या शास्त्राचा हा परिचित सिद्धांत आहे. रस्ता मोकळा असताना एस.टी. नेमाने येते, रस्त्यावर कोंडी झाली की एक गाडी थोडी उशिरा येते, दुसरी फारच उशिरा येते. जाळ्याच्या क्षमतेच्या ७५ टक्के भार झाला असता फेरीच्या वेळातील फरक सोळापटीपर्यंत जाऊ शकतो, असे पुढे व्हॅन जेकब्सन यांनी दाखवून दिले. दुप्पट मुदतीचा जुना नियम फार तर ३० टक्के भारापर्यंत टिकाव धरी. त्यापुढे संगणक न हरवलेली, केवळ रांगेत उभी असलेली पाकिटे पुन्हा पाठवू लागत.

१९८६ चे संकट

या धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. जानेवारी १९८४ मध्ये जॉन नेगल यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. जाळ्यावर एकाएकी भार आला की फेरीचा वेळ इतक्या वेगाने वाढतो की संगणकांच्या सरासऱ्या मागे पडतात. मग प्रत्येक संगणक एकेका पाकिटाच्या अनेक प्रती जाळ्यात लोटू लागतो. आणि मुख्य म्हणजे ही अवस्था एकदा आली की आपोआप मोडत नाही, ती स्थिर होऊन बसते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कचेरीतील उदाहरण घ्या. एका आवक शाखेत रोज शंभर कागद नोंदविण्याची शक्ती आहे. काही कारणाने काम तुंबले. उत्तरे उशिरा जाऊ लागताच सर्व तालुक्यांतून स्मरणपत्रे सुरू झाली. आता शाखेचा सारा दिवस स्मरणपत्रे नोंदविण्यातच जातो. मूळ कागद तसेच पडून राहतात, म्हणून आणखी स्मरणपत्रे येतात. शाखेतील माणसे दिवसभर राबत आहेत, कोणी आळस करीत नाही, तरीही निपटारा जवळजवळ शून्य. कामाच्या अतिरेकाने काम थांबते, ते असे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये नेमके हेच घडले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. या दोन ठिकाणांमधील मजकुराचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हा वेग मूळच्या आठशेव्या हिश्शाइतका होता. इतक्या अंतरावर कागद हाती घेऊन चालत जाणारा शिपाई संगणकाच्या पुष्कळच आधी पोचला असता. तारा तुटलेल्या नव्हत्या, यंत्रे बिघडलेली नव्हती. त्यानंतर अशा घटनांची मालिकाच सुरू झाली.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकब्सन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरेल्स यांनी या प्रकाराचा छडा लावण्याचे मनावर घेतले. बर्कलीची बीएसडी ही संचालन प्रणाली तेव्हा अनेक विद्यापीठांत वापरात होती. तिच्यातील जाळ्याविषयीच्या आज्ञावलीतच दोष आहे, की वाईट परिस्थितीत ती अधिक चांगली वागू शकेल, असा त्यांच्यापुढील प्रश्न होता. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

सरासरी पुरेशी नाही

जेकब्सन यांनी केलेली पहिली दुरुस्ती अशी की, सरासरीबरोबर चढउताराचीही नोंद ठेवावयाची. प्रत्येक मोजणी सरासरीपासून किती दूर पडली, त्या अंतराची वेगळी चालती सरासरी काढावयाची. तिला आपण विचलन म्हणू. मुदत म्हणजे सरासरी अधिक विचलनाची चौपट. आरंभी विचलनाची दुप्पट घेतली जात असे. अनुभवांती ती चौपट करण्यात आली.

शिक्षकबंधूंना हे गणित फळ्यावर सहज मांडता येईल. दोन कचेऱ्या आहेत, असे समजा. दोहोंकडून उत्तर येण्यास सरासरी ८ दिवस लागतात. पहिली कचेरी नियमित आहे. तिचे विचलन १ दिवस. दुसरी लहरी आहे. तिचे विचलन ४ दिवस. जुन्या नियमाने दोघींना मुदत एकच, १६ दिवस. नव्या नियमाने पहिलीला ८ अधिक ४, म्हणजे १२ दिवस; दुसरीला ८ अधिक १६, म्हणजे २४ दिवस. जुना नियम पहिल्या कचेरीच्या बाबतीत उगाच चार दिवस थांबावयास लावीत होता, आणि दुसऱ्या कचेरीला विनाकारण स्मरणपत्रे धाडावयास लावीत होता. सरासरी सारखी असली, तरी स्वभाव सारखा नसतो.

आता दुसऱ्या कचेरीचे पुढचे उत्तर १६ दिवसांनी आले. सरासरीपासून अंतर ८ दिवस. नव्या मोजणीचा एक अष्टमांश वाटा सरासरीत धरावयाचा: ८ दिवसांच्या अंतराचा अष्टमांश १ दिवस, म्हणून नवी सरासरी ९ दिवस. विचलनात एक चतुर्थांश वाटा धरावयाचा: जुन्या ४ दिवसांचे तीन चतुर्थांश ३ आणि नव्या ८ दिवसांचा चतुर्थांश २, मिळून ५ दिवस. नवी मुदत ९ अधिक २०, म्हणजे २९ दिवस. एका उशिराच्या उत्तराने सरासरी एकाच दिवसाने सरकली, पण मुदत पाच दिवसांनी वाढली. पुढे उत्तरे वेळेवर येऊ लागली, तर विचलन हळूहळू घटत जाईल आणि मुदतही आवळली जाईल.

एक अष्टमांश, एक चतुर्थांश आणि चौपट हेच अंक का, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण व्यवहारातले आहे. संगणक आकडे द्विमान पद्धतीने लिहितो. आपण दहाने भागताना दशांशचिन्ह सरकवितो, तद्वत त्याला दोन, चार, आठ यांनी गुणणे वा भागणे म्हणजे अंक डावी-उजवीकडे सरकविणे होय. प्रत्येक पोचेगणिक करावयाचा हिशोब स्वस्त असला पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. म्हणूनच कठीण वर्गमुळांऐवजी साधे विचलन निवडण्यात आले.

दर वेळी दुप्पट

मुदत संपली, पाकीट पुन्हा पाठविले, तरीही पोच नाही. आता काय करावयाचे? तितक्याच मुदतीने पुन्हा पुन्हा पाठवीत राहिलो, तर गर्दी हटणार नाही. म्हणून नियम असा की, दर वेळी मुदत दुप्पट करावयाची. एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ, असे मागे सरावयाचे.

दुप्पटच का? जाळ्यात आपल्यासारखे किती जण ताटकळत आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. दहा असतील, दहा हजारही असतील. गर्दीचा अंदाज नसताना आपला भार इतक्या वेगाने कमी केला पाहिजे की गर्दी कितीही मोठी असली तरी रांगेला उसंत मिळावी. थोडेथोडे मागे सरून हे साधत नाही. कालव्याला पाणी कमी असताना वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आपली दारे तशीच उघडी ठेवली, तर शेपटाकडच्या शिवाराला पाणी पोचत नाही आणि शेवटी कालव्याची पाळीच कोलमडते. येथेही माघार घेणे हा दुबळेपणा नसून सर्वांचा मार्ग मोकळा करण्याचा उपाय आहे.

पोच कोणत्या पत्राची?

यानंतर एक सूक्ष्म अडचण उरते. आपण पत्र पाठविले. सोळाव्या दिवशी स्मरणपत्र पाठविले. तिसाव्या दिवशी उत्तर आले. हे उत्तर मूळ पत्राचे की स्मरणपत्राचे? पोचेवर ते लिहिलेले नसते.

स्मरणपत्राचे मानले, तर उत्तरास १४ दिवस लागले असा हिशोब होतो. प्रत्यक्षात मूळ पत्राचेच उत्तर ३० दिवसांनी आलेले असेल, तर आपण मंद कचेरीला चपळ समजून बसलो. मग मुदत पुरेशी वाढत नाही आणि अनावश्यक स्मरणपत्रे चालूच राहतात. उलट, मूळ पत्र खरोखर गहाळ झाले होते, असे समजा. स्मरणपत्राचे उत्तर झटपट आले, तरी आपण मूळ पत्रापासून मोजले, तर प्रत्येक गहाळ पत्रागणिक सरासरी फुगत जाते आणि काही काळाने आपण अवास्तव थांबू लागतो. चुकीच्या नोंदींमुळे मुदतीचे गणित वाहवत कसे जाते, हे १९८६ मध्ये राज जैन यांनी एका निबंधात दाखविले होते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले जैन पुढे अमेरिकेत संगणकजाळ्याच्या संशोधनात नावारूपास आले.

यावरील उपाय फिल कार्न यांनी शोधला. हौशी रेडिओवरून संगणकांची पाकिटे पाठविण्याच्या उद्योगात ते रमलेले होते. तेथे पाकिटे वारंवार हरवतात, म्हणून हा प्रश्न त्यांना तीव्रतेने जाणवला. १९८७ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्यासमवेत त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. तिचा पहिला भाग असा की, जे पाकीट पुन्हा पाठवावे लागले, त्याची मोजणी सरासरीत धरावयाचीच नाही. संशयास्पद पुरावा नोंदवहीत घ्यावयाचा नाही.

परंतु एवढ्याने भागत नाही. कचेरी खरोखरच मंद झाली असेल, तर प्रत्येक पत्राला स्मरणपत्र जाणार, प्रत्येक मोजणी संशयास्पद ठरणार, आणि आपल्याला नवे काहीच शिकता येणार नाही. म्हणून रीतीचा दुसरा भाग: दुप्पट झालेली मुदत लगेच खाली आणावयाची नाही. पुढच्या पत्रालाही तीच लांबलेली मुदत द्यावयाची. एखाद्या पत्राचे उत्तर स्मरणपत्राविना येईपर्यंत ती कायम ठेवावयाची. असे निःसंशय उत्तर आले की त्याची मोजणी घ्यावयाची आणि मग नवी मुदत काढावयाची.

मे १९९२ मध्ये आणखी एक सुधारणा प्रसिद्ध झाली. पाकिटावर पाठविल्याच्या वेळेचा शिक्का मारावयाचा आणि पोच देणाऱ्याने तो शिक्का तसाच परत करावयाचा. कचेरीत आपण उत्तरावर मूळ पत्राचा जावक क्रमांक व दिनांक नमूद करतो, त्याचाच हा अवतार. संदर्भ असला की संशय उरत नाही.

दुरुस्तीचा प्रसार

जेकब्सन आणि कॅरेल्स यांनी बीएसडीच्या आज्ञावलीत एकूण सात नव्या रीती घातल्या. चढउताराची नोंद, मुदत दुप्पट करणे आणि कार्न यांची रीत या त्यांपैकी तीन. नव्या जोडणीने आरंभी बेताने पाकिटे पाठवावीत आणि पोच येत जाईल तसा वेग वाढवावा, ही आणखी एक. जून १९८८ मध्ये बीएसडीची ‘टाहो’ ही आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेकब्सन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर १९८९ मध्ये इंटरनेटवरील संगणकांसाठी जे आवश्यक नियम प्रसिद्ध झाले, त्यांत जेकब्सन आणि कार्न या दोघांच्या रीती सक्तीच्या करण्यात आल्या.

या घटनेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जाळे वाचविण्यासाठी नव्या तारा टाकाव्या लागल्या नाहीत. मध्ये कोणी नियंत्रक बसवावा लागला नाही. टोकाला बसलेल्या प्रत्येक संगणकाच्या संचालन प्रणालीत थोड्या ओळी बदलाव्या लागल्या. एका संगणकाने संयम पाळून जाळे वाचले नसते. बहुतेकांनी तो पाळला म्हणून वाचले.

नियमांना कालमान असते

नियम एकदा केला की कायमचा झाला, असे मात्र नाही. पहिल्या पाकिटाच्या वेळी संगणकापाशी कोणताच अनुभव नसतो. तेव्हा किती थांबावयाचे? नोव्हेंबर २००० च्या प्रमाणपत्रकात ही आरंभीची मुदत ३ सेकंद होती. पुढे जाळी वेगवान झाली. बहुसंख्य जोडण्यांची फेरी सेकंदाच्या आतच पुरी होऊ लागली. पहिलेच पाकीट हरवले, तर माणूस तीन सेकंद रिकाम्या पडद्याकडे पाहत बसे. म्हणून जून २०११ मध्ये ही मुदत १ सेकंदावर आणण्यात आली. त्याच वेळी मंद जोडणीवाल्यांचाही विचार झाला: जोडणी जुळवितानाच मुदत संपून पुन्हा पाठवावे लागले असेल, तर मजकूर पाठविण्यास आरंभ करताना मुदत पुन्हा ३ सेकंद धरावी, असे ठरले. घाई करणाऱ्या नियमातच सावधगिरीची तरतूद ठेवलेली आहे.

मोबाइलच्या जाळ्याने वेगळा प्रश्न उभा केला. चालत्या गाडीत एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना जोडणी क्षणभर थबकते; काहीच हरवत नाही, पण मुदत संपते. यासाठी सप्टेंबर २००९ च्या एका प्रमाणपत्रकात अशी रीत सांगितली आहे की, मुदत संपल्यावर एक पाकीट पुन्हा पाठवावे, पण बाकीची सरसकट पाठवू नयेत. आधी येणाऱ्या दोन पोचांकडे लक्ष द्यावे. कधीच पुन्हा न पाठविलेल्या पाकिटांची पोच येत असेल, तर मुदत व्यर्थ संपली असे समजावे आणि काम पुढे चालू ठेवावे. एकदा काढलेल्या निष्कर्षाची फेरतपासणी करण्याची ही सोय होय.

आपल्या कामाशी संबंध

बंधुभगिनींनो, ग्रामपंचायतीला प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे भारतनेट या नावाने ती ओळखली गेली. सातबाराचा उतारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे संगणकावर आले. यांपैकी प्रत्येक व्यवहाराच्या पोटात ही पोच आणि ही मुदत काम करीत असते. संगणक ती मुकाट्याने सांभाळतो. परंतु त्याच्यापुढे बसलेला माणूस ती पाळतोच असे नाही.

अर्जाचा शेवटचा दिवस आठवा. सेवाकेंद्रात गर्दी, पडद्यावर चक्र फिरते आहे, उत्तर येत नाही. चालक पुन्हा कळ दाबतो. शेजारच्या गावातही हेच चालू असते, शेजारच्या तालुक्यातही. येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. संगणकाने पुन्हा पाठविलेले पाकीट जुनेच आहे, हे घेणारा संगणक त्याच्या क्रमांकावरून ओळखतो आणि जादा प्रत टाकून देतो. माणसाने पुन्हा दाबलेली कळ मात्र नवीच मागणी ठरू शकते. मग गर्दीत भर पडते ती पडतेच, शिवाय एकाच माणसाचे दोन अर्ज वा दोनदा शुल्क असा घोटाळा होण्याची भीती असते. नुकसान होते ते रोजगार बुडवून आलेल्या अर्जदाराचे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कळ पुन्हा दाबण्यापूर्वी अर्जाचा पोचक्रमांक उमटला आहे का, वा शुल्क जमा झाले आहे का, हे पाहावे. दुसरी, पुन्हा प्रयत्न करावयाचाच, तर दर खेपेस आधीपेक्षा दुप्पट थांबावे. दोन मिनिटे, मग चार, मग आठ. तिसरी सूचना अशा सेवांची आखणी करणाऱ्यांसाठी: प्रत्येक अर्जाला भरण्यास आरंभ करतानाच स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तोच अर्ज दोनदा आला तरी एकदाच नोंदला जाईल; आणि कागदी पत्रव्यवहारातही स्मरणपत्रावर मूळ पत्राचा क्रमांक असल्याशिवाय ते जाऊ देऊ नये.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवितो. वर्गातील एका विद्यार्थ्याला आवक लिपिक करा. त्याने मिनिटाला पाच चिठ्ठ्या नोंदवून त्यांची पोच द्यावी. बाकीच्यांनी प्रत्येकी एक चिठ्ठी पाठवावी आणि अर्ध्या मिनिटात पोच न आल्यास पुन्हा पाठवावी. थोड्याच वेळात टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होईल. मग दर वेळी दुप्पट थांबण्याचा नियम लावून तोच खेळ पुन्हा खेळा. ढीग कसा निवळतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल, आणि सरासरी व विचलन यांचे गणित परीक्षेपुरते नाही हेही पटेल.

संगणकाला संयम शिकवावा लागला, तो माणसांनी. मोजणी प्रामाणिकपणे ठेवणे, केवळ सरासरीवर न विसंबता स्वभाव ओळखणे, संशयित पुरावा बाजूस ठेवणे आणि उत्तर न आल्यास आधी आपला भार कमी करणे, हे चार धडे त्यांनी त्याला दिले. हे धडे कोणत्याही सामाईक व्यवस्थेला लागू पडतात. मग ती तारांची असो, कालव्याची असो वा कागदांची असो. आपल्या हाती असलेली प्रत्येक सामाईक सोय अशाच संयमावर उभी आहे, एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.